लेकाला कोण सांगतं?

४ नोव्हेंबर
समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी, चष्म्याच्या दुकानातली पोरगी आज पुन्हा आली. "आजोबा, एक डाव?" आणि सरळ हिच्या खुर्चीत बसली. ही गेल्यापासून तिथे कुणी बसलेलं नाही. ऊठ म्हणणार होतो — राहिलं.

बुद्धिबळ तिला धड येत नाही. घोडा वाट्टेल तसा नाचवते. मग रोज कशाला येते? पंचविशीच्या पोरीला म्हाताऱ्याच्या घरात कसली गोडी? जन्मभर गोदाम सांभाळलंय मी. काही हवं असल्याशिवाय कुणी आत येत नाही.

५ नोव्हेंबर
जिंकलो. जाताना तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. का?

९ नोव्हेंबर
लेकाचा फोन. "बाबा, दूध करपलं म्हणे परवा? गॅस तसाच राहिला होता?"

दुसऱ्या गावात बसून ह्याला कसं कळलं? तेव्हा घरात आम्ही दोघंच — मी आणि ती. पातेलंही तिनेच घासलं. म्हणजे बघा.

पुढे लेकाचं नेहमीचं तुणतुणं. "आता आमच्याकडेच या. घर विकून टाकू." ह्या घरातला खिळा न् खिळा हिने स्वतः उभं राहून ठोकून घेतलाय. मी हलणार नाही. हे घर गेलं तर ही दुसऱ्यांदा जाईल.

१२ नोव्हेंबर
गोदामात मांजर शिरलं आणि साहेब चोर समजून टेबलावर चढले, तो किस्सा पोरीला सांगितला. हसून हसून बेजार झाली. मीही हसलो, पोट दुखेपर्यंत. किती दिवसांनी!

ती गेल्यावर वाटलं — लोणी लावतेय.

१३ नोव्हेंबर
लेकाला किल्लीचंही कळलं. बाहेर दारालाच लटकत राहिली होती ती. तिनेच आणून दिली होती, अगदी साळसूदपणे. "आजोबा, ही बाहेरच होती." आणि लगेच लेकाचे कान भरले.

१४ नोव्हेंबर
तिला दारातच उभं केलं. "माझ्या लेकाकडे चुगल्या करतेस?"

चेहरा उतरला तिचा. "बरं, आजोबा," एवढंच म्हणाली. दार लावून घेतलं. बरं झालं, एकदाची ब्याद टळली.

पट मांडून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळलो. मजा नाही.

१६ नोव्हेंबर
आज गोदामातल्या मांजराचा किस्सा आठवला. तिला कधी सांगितलाच नाही. ऐकायला हवा होता तिने. जाऊ दे.

१९ नोव्हेंबर
लेकाला फोनवर झापलं. "त्या पोरीला माझ्या पाळतीवर ठेवलंयस?"

तो म्हणाला, "बाबा, ती एक अक्षर सांगत नाही. मीच फोन करून विचारलं होतं, तर म्हणाली, त्यांनाच विचारा. दूध, किल्ली — सगळं तुम्हीच सांगता. दुपारी फोन करून."

खोटं. दुपारी मी झोपतो.

सूनबाई मागून म्हणाली, "आजही केला होतात, बाबा." आवाज रडवेला झाला होता तिचा. ती उगाच कशाला रडेल?

भीती वाटतेय. फार. ही असती तर हात धरून बसली असती.

२० नोव्हेंबर
समोरचं दार वाजवलं. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, ऐन वेळी सगळं विसरलो. घराची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवली. म्हटलं, "आता खरंच चुगल्या कर. फक्त आधी मला सांगत जा, मग त्याला."