जुन्या पट्टीचं पाकीट

राहुरी, मंगळवार संध्याकाळ

कॉम्प्युटर मार्थाबाईंनी बिघडवलेला नाही, हे आज दुरुस्तीवाल्या सलीमभाईंनी सांगितलं. "सायेब, ही रॅम, मेमरीची पट्टी, सर्व्हरची हाय. तुमच्या जुन्या वर्कस्टेशनला न्हाई चालत. जुनी पट्टी नमुन्याला न्यायची ना!"

न्यायचीच होती. आमच्या वर्तमानपत्राची पानं लावणाऱ्या मार्थाबाईंनी ती पाकिटात घालून दिली होती. "लेबल जुळवूनच घ्या, सर." मी पाकीट उघडलंही नाही. दुकानात नवी घेताना जीबी तेवढे बघितले. आणि मशीन सुरू होईना तेव्हा सगळ्या कचेरीसमोर म्हणालो, "बाई, बसवताना मोडलंत तुम्ही." बातमी तपासून घ्या, हे रोज इतरांना सांगणारा मी!

पाकीट अजून बॅगेत आहे.

उद्या दहाला त्या येतील. त्यांना एकटं गाठून माफी मागणं सोपं. पण सगळे जमल्यावरच मागायला हवी.