मागच्या दिव्याची उलटतपासणी

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४७. अमरावती.

ट्रेलर आला. लष्कराच्या लिलावातला, दोन चाकी, रबरी टायरचा. आता वकिली बस्स! चौदा वर्षं खोट्या साक्षीदारांची थोबाडं पाहिली, पुरे झालं. आजपासून चिंतामण वकील म्हणजे फ्रूट ट्रान्स्पोर्ट. बाररूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. शेजारचे भगवंतराव वकील हसले. हसू देत.

पहिलं काम ठरलं आहे. वलगावच्या वाटेवर सहदेव माळ्याचा संत्र्यांचा बगीचा आहे. पाच वर्षं झाडं जपली, यंदा पहिला बहार. त्या रस्त्यानं लाकडी चाकाच्या गाडीतून फळ आणलं की निम्मं चेंबतं. रविवारी सोळा तारखेला माल स्टेशनावर चढला तरच शिवरात्रीच्या बाजाराला मुंबईत पोचेल. म्हटलं, सहदेव, मोटार माझी, ट्रेलर माझा, तू निश्चिंत राहा. त्यानं परतवाड्याच्या लॉरीवाल्याला लगेच नाही म्हणून कळवलं.

अडचण एवढीच की चौदा तारखेला मोटार इन्स्पेक्टर तपासणी करणार. मी ब्रेक दाबला की ट्रेलरमागचा लाल दिवा लागला पाहिजे आणि ट्रेलरच्या चाकांनाही ब्रेक बसला पाहिजे. पंधरा मिनिटांचं काम.

संकल्प: या कामात कोणावरही ओरडायचं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी पुंजाराम मिस्त्री आला. मोटारीपासून ट्रेलरपर्यंत वायर ओढली, ब्रेकची तार जोडली, विडी ओढली अन् गेला. सायंकाळी टेस्ट. मी सीटवर, सिंधू ट्रेलरमागं. ब्रेक दाबला. लागला का, विचारलं. ती म्हणाली, लागला. मी ताबडतोब उतरून मागं गेलो. दिवा बंद!

बारा वर्षांच्या संसारात बायको प्रथमच तोंडावर खोटं बोलली.

विचारलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास? हो. रंग कोणता? लाल. किती वेळ लागलेला होता? तुम्ही येईपर्यंत. मग मी आल्यावर का नाही? म्हणाली, तुम्ही आलात अन् विझला. म्हणजे दिवा मला घाबरतो काय! बनावट साक्षीदार असाच फसतो, हे तिला स्पष्ट सांगितलं. आणखी दोनदा टेस्ट घेतली. दोन्हीदा तिनं लागला म्हटलं, दोन्हीदा मी धावत जाऊन पाहिलं, दोन्हीदा अंधार. चौथ्यांदा हाक मारली तर म्हणाली, पोळ्या करपून राहिल्या, तुम्ही तुमचा दिवा पाहा.

मी ओरडलो असं नाही. आवाज जरा मोठा होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बायको म्हणजे घरची साक्षीदार. तटस्थ साक्षीदार हवा. मनावर दगड ठेवून भगवंतरावांना बोलावलं. ते ट्रेलरमागं पानाची पिंक टाकत उभे राहिले. ब्रेक दाबला. म्हणाले, वा, काय झकास लाल लागला हो. उतरून गेलो. बंद!

हा गृहस्थ चौदा वर्षं कोर्टात माझ्या विरुद्ध उभा राहतो आहे. अंगणातही विरुद्धच. विचारलं, सिंधूनं तुम्हांला पढवलं का? पान थुंकून ते मला म्हणाले, चिंतामणराव, डोक्यावर थंड पाणी घ्या. माझ्या अंगणात उभं राहून मला! फाटकापर्यंत पोचवायलासुद्धा गेलो नाही.

मात्र एक गोष्ट सिद्ध झाली. मी जवळ गेलो की दिवा विझतो. वायर कुठंतरी ढिली असणार, माझ्या पावलांनी हादरते. मग ब्रेक दाबून अनवाणी, चवड्यांवर, श्वास रोखून मागं गेलो. बंद. सिंधू खिडकीत उभी होती. हसत नव्हती, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. तोंडावर पदर होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पुंजारामला बोलावून खडसावलं, कसलं काम केलंस? तो म्हणे, सायेब, तुमी पाय उचलला का दिवा विझतेच. पाय ठेवला का लागते.

चौथी नापास माणूस, मला इलेक्ट्रिसिटी शिकवतो! मी विचारलं, घरातलं बटण दाबलं की दिवा लागतो ना? हात काढला की विझतो का? त्यानं विडी कानामागं खोचली. बरोबर कोंडीत पकडला. मग म्हणाला, थ्ये बटन येगळं, हे येगळं. म्हटलं, चालता हो. जाता जाता म्हणाला, गरज पडली त बोलवा, राग नाई माह्या मनात.

राग त्याच्या मनात नाही म्हणे! राग करायचा हक्क कोणाचा आहे इथं?

रविवार, ९ फेब्रुवारी

आता कोणाचीच गरज नाही. स्वतः बसलो. पुंजारामच्या सगळ्या वायरी काढल्या. वायरी एकूण चार निघाल्या आणि परत लावताना तीनच लागल्या. म्हणजे एक त्यानं उगाच घातली होती.

ब्रेक दाबला. हॉर्न वाजला. सोडेपर्यंत वाजतच राहिला, आणि सोडल्यावरही. गल्लीतले दहा जण फाटकाशी. एकानं विचारलं, काहून वकीलसाहेब, कुठली वरात? त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

दुपारी सहदेव येऊन गेला. संत्र्यांवर रंग चढला, शनिवारी तोडायला घेतो म्हणाला. मी म्हटलं, खुशाल घे. ट्रेलरकडे पाहून त्यानं काही विचारलं नाही. असा विश्वास ठेवणारा एक तरी माणूस जगात आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

झालं! मीच केलं! एकट्यानं!

बॅटरीतून वायर थेट दिव्यात नेली. मधे ब्रेकच्या पायाची लुडबुड ठेवलीच नाही. आता दिवा लागतो, लागलेलाच राहतो. उतरून पाहिलं, लाल. चहा पिऊन येऊन पाहिलं, लाल. सिंधूला हात धरून नेलं आणि दाखवलं, याला म्हणतात लागणं. ती म्हणाली, पण तुम्ही ब्रेक कुठं दाबलाय? हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. म्हटलं, दाबायची गरजच उरली नाही!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चाकांच्या ब्रेकचं तेच नाटक. सीटवरून चाकं दिसत नाहीत. ब्रेक दाबून उतरावं, चाक हातानं फिरवावं तर खुशाल फिरतं! पुंजारामनं तिथंही फसवलं. दिव्याचीच पद्धत वापरली. तार खेचली, पान्यानं आवळली, आणखी आवळली. मग ट्रेलर ढकलून पाहिला. तसूभर हलला नाही. भगवंतरावांना कुंपणावरून म्हटलं, या, ढकलून दाखवा. आले नाहीत. पराभव मान्य करायलाही मोठं मन लागतं.

दिवा रात्रभर चालू ठेवतो आहे. टिकाऊपणाची परीक्षा. आता नऊला झोपणार. उद्या पास.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी दोन.

बॅटरी मेली. सकाळी मोटार खोकलीसुद्धा नाही. नाइलाजानं पुंजारामची बॅटरी आणवली. तोही आला. अंगणात बसून विडी ओढत सगळं पाहत होता.

इन्स्पेक्टर म्हणाला, ट्रेलरसकट मोटार रस्त्यावर घ्या. घेतली. मोटार गुरगुरत पुढं, ट्रेलर चाकं न फिरवता फरपटत मागं. रबर जळल्याची घाण गल्लीभर. त्यानं विचारलं, दिवा आधीपासूनच कसा लागलेला? मी म्हटलं, साहेब, केव्हाही येऊन पाहा, लागलेलाच दिसेल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याचा आरोपी. म्हणाला, ब्रेक लावला तेव्हाच लागावा, एरवी विझावा, नाही तर मागच्या गाडीवाल्याला कळणार काय? म्हटलं, मग मी सीटवर बसून तो पाहायचा कसा?

म्हणाला, मागं माणूस उभा करायचा अन् तो सांगेल ते ऐकायचं.

ऐकायचं! साक्षीची शहानिशा नाही, उलटतपासणी नाही, ऐकायचं! त्याच्याशी पुराव्याच्या कायद्यावर पाऊण तास बोललो. त्यानं तेवढ्या वेळात कागदावर नापास लिहिलं, खाली सही केली. फेरतपासणी मार्चमध्ये.

मार्चमध्ये सहदेवची संत्री काय लोणच्याला न्यायची?

जेवलो नाही. सिंधूनं ताट झाकून ठेवलं आहे. मी तिला हाक मारली नाही, तिनंही मला. दिवाणखान्यात बसून विचार केला तर असं वाटतं की मंगळवारी चार तारखेला दिवा लागला असण्याची शक्यता आहे. नाकारता येत नाही, एवढंच. यापलीकडे मी काही कबूल करत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सहदेव आला. संत्री तोडून झाली. ऐंशी करंड्या गवत घालून भरून ठेवल्या आहेत. लॉरीवाला केव्हाच दुसऱ्याचा माल घेऊन गेला. मी सगळं सांगितलं. इन्स्पेक्टरचा मूर्खपणा, पुंजारामचा हलकटपणा, सरकारची मोडकी व्यवस्था. तो ऐकत होता. शेवटी त्याला म्हटलं, शिव्या दे मला, ओरड! पाच वर्षांचं पीक आहे तुझं! ओरडलाही नाही. याचाच मला जास्त संताप आला.

तो ट्रेलरभोवती फिरला. खाली वाकला, चाकाला हात लावला, पान्यानं ती तार सैल केली. चाक फिरलं. म्हणाला, सायेब, मले मोटार कायले पायजे? मले हे रबरी चाकं पायजेत. मोटार राहू द्या घरी.

सायंकाळी बैलजोडी घेऊन आला. ट्रेलरच्या दांडीला लाकूड बांधलं, त्याला जू. कायद्याचा मुद्दा मात्र मीच काढला, तो नोंदवून ठेवतो: बैलांनी ओढलेल्या गाडीला ब्रेकचा दिवा लागत नाही. एक अडचण राहिली. काल फरपटल्यानं डावा टायर एका जागी इतका झिजला आहे की आतलं कापड दिसतं. भरल्या गाडीत तो केव्हाही जाईल. सहदेव बैल सोडून मागं पाहू शकत नाही. म्हणाला, तुमी मागून चाला, चाकावर नजर ठेवा, टायर फुगला दिसला का आवाज द्या.

चिंतामण वकील, बी.ए., एलएल.बी., बैलगाडीमागं! साफ नाही म्हणालो. मग पहाटे पाचला ये म्हणालो.

रविवार, १६ फेब्रुवारी. सायंकाळ.

बगीच्यात करंड्या चढवल्या अन् तिथून स्टेशनापर्यंत तीन कोस चाललो. कोट काढून खांद्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत, तोंडात धूळ. सहदेव पुढं दांडीवर बसून. दर शंभर पावलांना विचारायचा, कसं हाय सायेब? मी म्हणायचो, ठीक आहे. तो बैल हाकायचा.

एकदाही वळून पाहिलं नाही त्यानं. पाच वर्षांची झाडं, ऐंशी करंड्या, अन् मागं कोण, तर ज्याच्यामुळं त्याची लॉरी गेली तो माणूस. मी लक्ष न देता चाललो असतो तर? राग येऊन मुद्दाम खोटं सांगितलं असतं तर? दुसऱ्या कोसाला मला राहवेना. ओरडलो, अरे, खाली उतरून स्वतः बघ की एकदा! तो म्हणाला, तुमी पाहून राहिले ना? मंग मी कायले पाहू?

चालता चालता एकदा वाटलं, टायर फुगला. थांब म्हणालो. त्याच क्षणी थांबला. का, कुठं, किती, काही नाही. वाकून पाहिलं, मातीचा गोळा चिकटला होता. चल म्हणालो, निघाला.

माल चढला. साडेअकराची वेळ गाठली. एकही करंडी चेंबली नाही, मी सगळ्या मोजून पाहिल्या. सहदेवनं दोन संत्री हातावर ठेवली. मी घेतली नाहीत. नंतर घेतली.

घरी आलो तर सिंधू पडवीत गहू निवडत होती. विचारलं, पोचला का माल? म्हटलं, पोचला. ती बरं म्हणाली. मी तिथंच उभा राहिलो. करंड्या ऐंशी, वेळ साडेअकरा, डबा मागून दुसरा, सगळी उत्तरं तयार होती. तिनं पुढं काहीच विचारलं नाही. गहू निवडत राहिली.