एकतीस मीटर, सत्तावीस मजले

भांडुप (पश्चिम),
मंगळवार

ती. स्व. सहदेवदादा यांस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण हॉलमध्ये पाण्याची तीन पिंपं आहेत, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकारावा.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचं बीपी? उष्म्याने यंदा अर्धा आंबा गळून गेला म्हणे. उरलेल्यातली एक पेटी आमच्या नशिबी आहे की नाही, ते कळव. फोन का नाही केला, असं विचारशील. तर तू फोन स्पीकरवर टाकून पडवीत बसतोस आणि निम्मी वाडी ऐकते. ही गोष्ट निम्म्या वाडीने ऐकण्यासारखी नाही. पत्र वाचून झालं की बंबात घाल.

आमची सोसायटी पाडून तिथे सत्तावीस मजल्यांचा टॉवर उभा करायचं चाललंय, हे तुला माहीत आहेच. रविवारी सभा आहे, हात वर झाले की विषय संपला. बिल्डरचा माणूस चंद्रप्रकाश दर आठवड्याला येतो आणि इतकं गोड बोलतो की घरी जाऊन साखर तपासावी. पार्किंगचं विचारा, हो जाएगा. लिफ्टचं विचारा, हो जाएगा. मी सेक्रेटरी (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून) या नात्याने विचारलं की बाबा, चाळीस घरांना पाणी पुरत नाही, मग दोनशे घरांना कुठून आणणार? तेही हो जाएगा. म्हणून मी तुझ्या भाचीला कामाला लावलं.

श्वेता त्या संस्थेत नेमकं काय करते, हे तू दर गणपतीत विचारतोस आणि दर गणपतीत विसरतोस, म्हणून लिहूनच ठेवते. तलावांत पाऊस किती साठेल, उन्हाळा किती चढेल, घरं किती वाढतील आणि ते पाणी वर चढवायला वीज किती लागेल, हे सगळं ती कॉम्प्युटरमध्ये एकमेकांत गुंतवते आणि एक धागा ओढला की दुसरा कुठे आवळतो ते बघते. उकडलं की माणूस दोनदा आंघोळ करतो, एसी लावतो, एसीची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाते, मग शेजारी दोनदा आंघोळ करतो. (हे आपल्यालाही कळतं, पण किती ते कळत नाही. त्या ‘किती’वरच तिची नोकरी आहे.) तिला म्हटलं, अख्ख्या मुंबईचं करतेस, जरा आपल्या बिल्डिंगचं कर.

त्यासाठी तिने घरोघर एक फॉर्म वाटला. माणसं किती, रोज पाणी किती, घरात पंप आहे का. इथे माझी चूक झाली, मी त्यावर सोसायटीचा शिक्का मारून दिला. शिक्का बघितल्याबरोबर चाळीस घरांना एकदम एकच शंका आली की जास्त लिहिणाऱ्याचं पाणी कापणार. आपल्या माणसांचं तुला माहीत आहे, जनगणनेवाला आला तरी टीव्ही चादरीखाली जातो. तर सहा माणसांच्या घराने दोन बादल्या लिहिल्या. दुसऱ्या मजल्यावरचा नितेश, जो रोज बाईक धुतो आणि मग बाईक उभी केलेली जागाही धुतो, त्याने दीड लिहिली. आणि पंप? चाळीसच्या चाळीस घरांत नाही.

कॉम्प्युटर बिचारा मुंबईत नवीन. त्याने विश्वास ठेवला. आमच्या सोसायटीत माणसं नसून उंट राहतात, असं गृहीत धरून त्याने उत्तर दिलं की सत्तावीस मजले आरामात होतील आणि वर पाणी शिल्लक राहील. श्वेता म्हणाली, आकडे चुकलेत, कुणाला दाखवू नका. तोवर आमचे चेअरमन शिवदास यांनी ते ग्रुपवर टाकलंही होतं. दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश नवा नकाशा घेऊन हजर. त्या शिल्लक पाण्याचा त्याने स्विमिंग पूल केला होता.

श्वेता माझ्यासारखीच, सोडणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, दोन-दोन बादल्यांत गच्चीवरची टाकी पाऊण तासात रिकामी होत नाही. माणसं पाण्याबद्दल खोटं बोलतील, वीज बोलणार नाही. शनिवारी सकाळी सहाला मला घेऊन ती जिन्याखालच्या मीटररूममध्ये उभी राहिली. प्रत्येक मीटरवर एक लाल दिवा असतो, वीज जास्त खेचली की तो भरभर लुकलुकतो. सहाला वॉचमन मिथुनने घरांचं पाणी सोडलं आणि दादा, एका दमात एकतीस दिवे नाचायला लागले. लपवून बसवलेले एकतीस पंप, सामाईक पाइपातून आपापल्या घरातल्या माळ्यावरच्या टाकीत पाणी ओढत होते. उरलेल्या नऊ घरांत चौथ्या मजल्यावरची सखुबाई, बाजारात मासळी विकून येते आणि खालच्या टाकीतून कळशीने पाणी वर नेते. बाय गो, माझा नळ नुसता खोकतो, असं मला गेली चार वर्षं सांगतेय. आणि मी तिला गेली चार वर्षं वायसर बदलायला सांगतेय.

श्वेता एकेका दिव्याचा नंबर लिहून घेत होती. एका ठिकाणी पेन थांबलं.

“आई, तीनशे चार आपलं ना?”

मी म्हटलं, फ्रिज असेल.

“सहाला पाण्याबरोबर सुरू होणारा फ्रिज?” मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “सभेच्या आत मला चाळीस खरे आकडे पाहिजेत. पहिला तुझा.”

तेव्हा दादा, मी ठरवलंय. खोट्या आकड्यांवर मत घेऊ देणार नाही. आज नवे फॉर्म वाटतेय, बिनशिक्क्याचे, आणि प्रत्येक दारात उभी राहून भरून घेणार आहे. शिवदासांनी दार उघडलं नाही तर त्यांच्या पायपुसण्यावर बसेन. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अनुपमा

ता. क. : श्वेताने अंदाजाने खरे आकडे घालून पाहिलं. सोळा मजल्यांपर्यंत ठीक, त्यावर मे महिन्यात नळ कोरडे. आम्हाला कबूल झालेलं घर बाविसाव्यावर होतं. मी पडदे शिवून घेतले होते.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात हे. काल बोर्डावर माझ्या नावानिशी लावलं : ‘३०४, पंप, अर्धा एचपी, चौदा वर्षं.’ दुपारी खाली पेन्सिलीने कुणीतरी ‘२०२ पण’ लिहिलं. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. एकाने ‘सेक्रेटरीने राजीनामा द्यावा’ असंही लिहिलंय. अक्षर नितेशचं आहे, आणि त्याचा दिवा सगळ्यांत जोरात नाचत होता.

ता. क. ३ : आता मुद्द्याचं. तो पंप तू मला भाऊबीजेला घातलास. मरोळला फिटर होतास, हात सोन्याचा, ‘कोणाक कळूचा नाय’ म्हणून ओट्यामागच्या भिंतीत फरशीआड असा पुरलास की त्याला बटणच नाही. पाणी आलं की आपोआप सुरू. प्लंबर बोलावला, तो फरशीवर टकटक करून तुझ्या कामाची तारीफ करून गेला. मेन स्विच बंद केला, तर श्वेताचं कॉम्प्युटरवर रात्रभर चाललेलं मॉडेल अर्ध्यात मेलं आणि तिने ते पहिल्यापासून लावलं. खरं उत्तर हवं तर वीज चालू, वीज चालू म्हणजे पंप चालू. हे पत्र आज रात्रीच्या एसटीने पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल, म्हणून शुक्रवारची गाडी पकड, छिन्नी-हातोडा घेऊन ये. रविवारी मला तो सभेच्या टेबलावर ठेवायचाय. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, ओटा कमरेच्या उंचीचा आहे. तोपर्यंत रोज सकाळी सहाला, बोर्डावर कबुलीजबाब लावून, माझी चोरी राजरोस चालू आहे.