कपाळाला कपाळ

प्रिय धना,

लिहितो लिहितो म्हणत हे पत्र टाळत आलो, ते आधीच सांगून टाकतो. तुझ्या त्या सरावाच्या शिबिरात मोबाईल काढून घेतात हे कळल्यावर मला आतून बरंच वाटलं होतं. तुझ्या शेवटच्या मेसेजला लगेच उत्तर द्यायला नको. मग रोज वही काढायची, 'प्रिय धना' एवढं लिहायचं आणि बाहेर बघत बसायचं. बाहेर बघण्यासारखं चिकार आहे रे. राजगडावर सोनकी फुललीय. पायथ्याच्या पाली गावात उतरलेलं धुकं उन्हं आली तरी उठायचं नाव घेत नाही, आणि भाताला असा वास सुटलाय की नुसतं बांधावरून चाललं तरी भूक लागते. परवा ट्रेकवाल्यांची एक टोळी घेऊन गडावर निघालो, तर अर्ध्या वाटेत एक ढग सरळ आमच्यातून चालत गेला. मला वाटलं आपण उभेच आहोत, गडच हळूहळू पुढं सरकतोय. एक बाई म्हणाल्या, "दादा, रस्ता बरोबर आहे ना?" म्हटलं, रस्ता बरोबर आहे ताई, मीच चुकलोय. बघ, लागलोच भरकटायला.

तुझी आई बरी आहे. ठकूमावशी नाचणीचे लाडू वळतायत. डबा नसरापूरच्या टेम्पोतून तुझ्याकडं येईल, त्यातच हे पत्र खुपसतोय. "माजं पोरगं मोबाईलमदी दिसनार," म्हणून साऱ्या आळीला सांगत सुटल्यात.

भोरात मात्र तुझ्या बॉक्सिंगच्या लढतीवरून रोज भांडणं. झुल्फिकारभाईंच्या गॅरेजसमोरच तुमचं पोस्टर लागलंय. एका बाजूला तू कुस्तीची लांग बांधून, दुसऱ्या बाजूला तुझ्याशी लढणारा तो व्हिडिओवाला, दातात रबर धरून हसतोय. खाली लिहिलंय, 'मातीचा वाघ विरुद्ध मोबाईलचा राजा'. आपला कुमार तिथं पंक्चर काढायला आला आणि म्हणाला, "धना त्या पावडर खाऊन फुगलेल्याला एका हातानं उचलून आपटंल." भाई फौजेत बॉक्सिंग खेळलेले, तुला ठाऊकच आहे. हातातला पाना न ठेवता म्हणाले, "तिथं उचलायचंच न्हाई. उचललं की बाद. मग काय करनार तुजा वाघ, गुरगुरनार?" कुमार म्हणाला, "अंगानं दुप्पट हाय की!" भाई म्हणाले, "अंग दुप्पट म्हनून मेंदू दुप्पट असतो का रं? अन् तो पोरगा व्हिडिओ करत असला तरी कैक वर्सं ठोसे शिकलाय." कुमार पण हटेना. "मग कुस्तीत मान मोडत न्हाई व्हय?" भाई म्हणाले, "मोडती. पर कुस्तीत मानूस पाडायचा असतो. हितं डोकंच हानायचं असतं." कुमारनं शेवटचा डाव टाकला, "डॉक्टर असतोय की तिथं!" त्यावर भाई म्हणाले, "असतोय. पर त्याला कुनी खरं सांगितलं तर."

मी तेव्हा उगाच टायरच्या ढिगावर चढलेलं मांजर बघत होतो.

मग त्यांनी मोबाईलवर तुझ्या सरावाचा व्हिडिओ लावला. तू छान दिसतोयस, दाढी कोरलीय. पण भाई एकच जागा परत परत लावत राहिले. तो समोरचा हात वर करतो आणि तू कपाळ पुढं करतोस. खरं सांगू, मला तालीमच दिसली. पहाटेचा ओल्या मातीचा वास, आणि वस्तादांनी आपल्या दोघांच्या मानेवर हात ठेवून आपली कपाळं जुळवलेली. मानसिंग वस्ताद म्हणायचे, समोरच्याचा डाव डोळ्यांनी बघू नगा, कपाळानं ऐका. आपण ऐकायचोही. तुझ्या कपाळातून काहीतरी गुणगुणल्यासारखं यायचं, विहिरीत वाकून हाक मारल्यावर येतं ना, तसं. धना, तू अजून तसाच उभा राहतोस. समोरचाही आपलं कपाळ आणून टेकवील अशी वाट बघत. भाई म्हणाले, "ह्यो नमस्कार करतोय त्याला." कुमारसुद्धा हसला नाही.

चैत्रातली मेंगाईची जत्रा आठवते? पूर्ण आठवत नसेल, म्हणूनच लिहितोय. वेल्ह्याच्या आखाड्यात तू चढाईवर होतास. डाव निसटून मानेवर आपटलास, पण लगेच उठलास, आणि वस्तादांनी डोक्यावरचा फेटा काढून मातीत फेकला. आपल्या तालमीची रीत, वस्तादाचा फेटा मातीत पडला की कुस्ती तिथंच संपली. लोक ओरडले. तू म्हणालास, "जिंकत होतो म्या, म्हाताऱ्यानं माजी इज्जत मातीत टाकली." तालीम सोडलीस, त्यांचं तोंड बघायचं सोडलंस, आणि इज्जत परत आणायला ही लढत धरलीस. पण त्याच दिवशी माझ्या गाडीवर मागं बसून येताना मार्गासनीच्या फाट्यावर तू विचारलंस, "माऊली, आपली कुस्ती कितव्या नंबरला हाय?" मी हसलो. पुढं साखर गावाशी पुन्हा तेच विचारलंस, तेव्हा हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितल्यावर तू मेंगाईची शपथ घातलीस, आईला नाही, कुणालाच नाही. मी पाळली. पण फेटा का पडला याचा मी नंतर खूप विचार केला, गडावर जाता-येता मला दुसरं काम काय? तू उठलास ना, तेव्हा चुकीच्या बाजूला तोंड करून शड्डू ठोकलास. जोडीचा पैलवान तुझ्या पाठीमागं होता. गाव हसलं. वस्ताद हसले नाहीत.

आता पत्र का लिहितोय ते. तुझा मेसेज होता, "माझ्या कोपऱ्यात तूच उभा राहा, टॉवेल तुझ्या हातात." मला वाटलं घाम पुसायला. भाईंनी समजावलं की तो टॉवेल आत फेकला की लढत संपते, म्हणजे तो फेटाच आहे. तर ऐक. तिथल्या डॉक्टरला जत्रेतलं सगळं सांग. तू नाही सांगितलंस तर मी येऊन सांगणार, शपथ मोडून, मेंगाईला काय ते मी बघून घेईन. आणि एवढं होऊनही तुला उतरवलंच, तर मी कोपऱ्यात उभा राहीन आणि तू पहिल्यांदा चुकीच्या बाजूला वळलास की टॉवेल आत टाकीन, जिंकत असलास तरी. मग वस्तादांसारखं माझ्याशीही बोलू नकोस. चालेल मला. फक्त ज्याच्याशी बोलायचं नाही तो माऊली कोण, हे तुला आठवलं पाहिजे.

इथंच सही करणार होतो, तर कडी वाजली. दारात मानसिंग वस्ताद. गुडघ्याच्या दुखण्यानं वेल्ह्याच्या बाजारालाही न जाणारा माणूस, एसटीनं एकटा आलाय. मी काही कळवलं नव्हतं रे, भाईंनी व्हिडिओ पाठवला असावा. डोकं उघडं आहे त्यांचं. फेटा घडी घालून पिशवीत ठेवलाय. पाणीसुद्धा न पिता विचारतायत, "त्याच्या कोपऱ्यात दोगं चालत्यात का रं?"

बोललास, न बोललास, तरी तुझाच,
माऊली