घटी बसलेले देव

२१ सप्टेंबर २०२५
आज बाजारातून आलं ते — कागदाचं रीम तीनशे, प्रिंटरची शाई साडेआठशे(!), विड्याची पानं, परडी, सप्तधान्य मिळून एकशे चाळीस. शाई यांच्या पुस्तकांसाठी. कॉलेजातून निवृत्त झाले, इतिहासातून नाही. पुस्तकं दोन, दोन्ही अर्धी. एक — खानदेशातून पश्चिमेला, बडोद्याला रेल्वेत नोकरीला आलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांचं. दुसरं — पत्र, तार, फोन यांनी त्या माणसांचं काय केलं, त्याचं.

२२ सप्टेंबर
घट बसले. खंडोबा-भवानीचे टाक, घराण्याचे चांदीचे देव, पानांवर ठेवले. आता दसऱ्यापर्यंत हलवायचे नाहीत.
आरतीला उन्मेष कॅनडाहून फोनमध्ये दिसला. "आई, घर घेतलं! आपले टाक कुरियरने पाठव ना. इथंच पुजीन."
भरून आलं. एकुलता एक, पण देव विसरला नाही!
यांनी मात्र प्रसाद तसाच हातात धरून ठेवला.

२४ सप्टेंबर
शेवटी विचारलंच — गप्प का?
"इतकी घरं पाहिली पुस्तकासाठी. आधी माणूस येतो, मग बायकामुलं. देव गावीच ठेवतात. परतायचं असतं ना! देव आणले की कोणी परतलेलं नाही."
म्हटलं, मामंजींनीही गावचे देव इथं बडोद्याला आणलेच की.
"आणले. मग गेलं का कोणी खानदेशात?"


२७ सप्टेंबर
शेजारच्या सरोजिनीबेन म्हणाल्या, "मोकली दो ने, भाभी! पाठवून द्या, तुमच्यासाठी नवे घडवा." आमच्यात उलट, नवे टाक द्यायचे ते घरातून वेगळ्या निघालेल्याला. यांना म्हटलं, उन्मेष वेगळा कुठे निघालाय?
हे म्हणाले, "रोज फोनवर दिसतो, म्हणून तुला तसं वाटतं."
फार लागलं.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. यांचा संगणक पुजला. फोनही पुजला, बंद ठेवला — आज हत्यारांना विसावा. दिवसभर उन्मेषचा आवाज नाही. खरा किती लांब आहे तो, ते आज कळलं.

२ ऑक्टोबर
दसरा. घट हलवले. टाक उजळून पुन्हा देव्हाऱ्यात. सोनं द्यायला आलेल्यांत मन नव्हतं.

३ ऑक्टोबर
पोस्टात पत्र टाकलं. फोनवर रडले असते. लिहिलं ते असं —
चि. उन्मेष, देव पार्सलात घालायचे नसतात, हातात घेऊन न्यायचे. ये आणि घेऊन जा. मी अडवणार नाही. बाबांनी दोन्ही पुस्तकांची शेवटची प्रकरणं तुझ्या उत्तरासाठी थांबवली आहेत. कधी येतोस? फोन नको, त्यात तू जवळच वाटतोस. उलट टपाली कळव.