दाजींच्या वेलीचा खुराक

अकरावी गल्ली, राजारामपुरी,
कोल्हापूर
२६ सप्टेंबर

ती. अक्का,

इथूनच हात जोडून नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण एकदा आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात आणि आत्ता घरात तुझी भावजय संयोगिता एकटीच आहे. कंबर अशी का झाली ते तुला ठाऊकच आहे, तुझ्या डोळ्यांदेखत झाली. तुझं गुडघ्याला तेल लावणं चालू आहे ना? म्हैस अजून धार काढताना कृष्णातला लाथ मारते का? (मारत असेल तर मारू दे. बाग काढल्याबद्दल कुणीतरी तुझ्या लेकाला मारायला हवंच होतं.) आम्ही सगळे बरे आहोत.

रोज सकाळी फोन होत असताना हा पत्राचा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. एक कारण म्हणजे ह्या पाकिटात दाजींच्या वेलीचं एक पान ठेवलंय, आणि पान काही फोनमधून जात नाही. दुसरं असं, की तू फोनवर विचारतेस, "जोत्या, वेल बरी हाय न्हवं?" आणि मी "झकास हाय" म्हणून फोन ठेवतो. तोंडानं मी काहीही बोलतो, अक्का. पण तीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर बसून उसाच्या गाड्यांची वजनं लिहिली, कागदावर कधी खोटं उतरलं नाही. म्हणून हा कागद.

एप्रिलमध्ये कृष्णातनं बाग काढायला जेसीबी बोलावला तेव्हा तू कुणाशी भांडली नाहीस. पंचवीस वर्षांची द्राक्षबाग, घड बारीक पडायला लागले होते, त्याचंही चूक नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, की विहिरीजवळची पहिली वेल तेवढी मरू देऊ नका, ती त्यांच्या हातची आहे. तीच नेमकी नव्या पाइपलाइनच्या वाटेत. आणि मी, राजारामपुरीतल्या एका हॉलात दोन दिवसांचं बोन्सायचं शिबिर करून आलेला माणूस, पुढं झालो नि म्हणालो, अक्का, वेल मला दे, तिचं बोन्साय करतो, शंभर वर्षं टेबलावर राहील. वर सरावासाठी म्हणून आणखी तीन वेली मागून घेतल्या. मी सातवीत असताना ह्या वर्षी पहिला नंबर काढतो म्हणालो होतो, तेव्हा तू जसं बघितलं होतंस तसंच त्या दिवशी बघितलंस. (नंबर एकोणचाळिसावा आला होता. वर्गात एकेचाळीस पोरं होती.)

जुन्या झाडाच्या मुळांचा गोळा सुपाएवढा राखून अलगद उचलायचा, असं शिबिराच्या बाईंनी शिकवलं होतं. दाजींच्या वेलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं एक मूळ विहिरीकडं गेलेलं आणि दुसरं बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात घुसलेलं. (जन्मभर बांधावरून भांडण नको म्हणणारे दाजी, आणि त्यांची वेल बघ.) आमच्या खालच्या मजल्यावरचे महंमदभाई टेंपोबरोबर साखळी-पुली घेऊन आले होते म्हणून ती निघाली. माझी कंबर मात्र तिथंच राहिली. तू गोठ्याशी, आमच्याकडं पाठ करून उभी होतीस. मी बघितलं होतं, अक्का.

वाटेत एका पोलिसानं टेंपो अडवला. पावणं, सरपण कुठं निघालं म्हणाला. सरपण नव्हे, ह्या द्राक्षवेली आहेत, ह्यांना ताटलीत लावून लहान करायचंय, असं मी त्याला नीट समजावलं. त्यानं वेलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चांगली धडधाकट हाय की! बारीक कशापायी करताय?"

सरावाच्या तीन वेलींचं सांगून टाकतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून चारही वेली जिन्याखाली ठेवल्या होत्या. मी कंबरेला पट्टा बांधून चार दिवस पडून. तुझ्या भावजयीचा तो लाकडावर तापणारा तांब्याचा बंब तुला माहीतच आहे, घरात गीझर असताना माझी अंघोळ त्याच पाण्यानं व्हावी हा तिचा हट्ट. पाच दिवस मी अगदी मनासारख्या कढत पाण्यानं अंघोळ केली आणि दोनदा तिचं कौतुकही केलं. सहाव्या दिवशी जिन्याखाली गेलो तर एकच वेल शिल्लक, दाजींची. तिला तू आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली होतीस, म्हणून ती वाचली. संयोगिता म्हणाली, "चिंधी बांधलेली कुणाची तरी असंल म्हणून ठिवली." पाणी खरंच कढत होतं.

वेल लावायला ताटली महंमदभाईंनी करून दिली. त्यांचा वेल्डिंगचा कारखाना, आणि नाजूक हा शब्द तिथं कुणी ऐकलेला नाही. गुऱ्हाळातल्या जुन्या काहिलीचा पत्रा कापून असली दणकट ताटली केली की ती चौघांनी धरून आणली. ती दोन मजले चढवणं शक्यच नव्हतं. म्हणून खाली अंगणात, तळमजल्यावरच्या पैलवान पिराजी वस्तादांच्या दारापुढं मातीवरच ठेवली. (ताटलीला पाणी निघून जायला पाच भोकं पाडली होती. ही भोकं लक्षात ठेव.)

मग वाट बघणं. दहाव्या दिवशी तू विचारलंस, फुटली का, आणि मी फुटली म्हणालो. विसाव्या दिवशी पान कसलं आलंय विचारलंस, मी पोपटी म्हणालो. खुंटावर काही नव्हतं, अक्का. मी सकाळ-संध्याकाळ त्या वाळक्या लाकडापुढं बसायचो आणि दाजींची माफी मागायचो. त्रेचाळिसाव्या दिवशी संयोगितानं जिन्यातून हाक मारली. लेंग्याची नाडी धरून खाली पळालो. बुंध्याशी मातीतून करंगळीच्या नखाएवढा कोंब वर आला होता. मी वस्तादांच्या पायरीवर बसून रडलो, आणि आयुष्यात एकदाही चीत न झालेले वस्ताद माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले.

आता खरी गोष्ट. बोन्साय म्हणजे झाडाला मोजकं द्यायचं, खत कमी, माती कमी, मुळं छाटलेली. मी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग अंगणात पाहुण्यासारखी आलेली वेल उपाशी राहते हे काही कुणाला बघवेना. महंमदभाईंच्या सलिमा वहिनी मटण धुतलेलं पाणी आणून ओतायच्या. संयोगिता ताक घालायची. वस्तादांनी तर पहिल्याच आठवड्यात तालमीतली तांबडी माती, तेल-हळद घातलेली, पाटीभर आणून बुंध्याशी पसरली, आणि सकाळी बदामाची सालं भिजवलेलं पाणी. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच देतोय. मी जाब विचारला तर वस्ताद म्हणाले, "पोरगं तालमीत आलं तर खुराक नको व्हय? नुसत्या जोर-बैठकांवर पैलवान व्हतोय?" (मी स्वतः पहाटे गूळ-बेसनाचं पाणी घालत होतो, ते तिथं बोललो नाही. तुला सांगतोय.)

खायला एवढं मिळाल्यावर मुळं त्या पाच भोकांतून खाली जमिनीत उतरली. पुढं काय झालं ते तू ओळखलं असशील. टेबलावर राहणारी वेल आज वस्तादांच्या खिडकीवरून, महंमदभाईंच्या ग्रिलमधून आमच्या गॅलरीत आलीय. महंमदभाईंनी तिला चढायला लोखंडी अँगल ठोकून दिलेत. कुणाच्या मजल्यावर पानं जास्त ह्यावरून खाली रोज वाद असतो. मी तुला फोनवर ओंजळीत मावते म्हणालो होतो. माझ्या मावत नाही, अक्का.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर पत्र लिहिलं नसतं. द्राक्षवेलीचा खुंट खाली रानटी असतो आणि कलम वर, हे तुला काय सांगायचं. त्या पहिल्या वेलीचं कलम दाजींनी कापलं आणि पट्टी तू बांधलीस. खुंटाला खालून फुटवा आला की दाजी लगेच मोडायचे, म्हणायचे, हे रानटी पोर, नुसतं खाणार नि घड देणार न्हाय. वस्तादांच्या त्या पाटीभर मातीखाली कलमाचा जोड झाकला गेला, आणि फुटवा नेमका त्या मातीतूनच वर आला. जोडाच्या वरचा की खालचा, मला माहीत नाही. माती उकरून बघता आलं असतं. चारदा खुरपं घेऊन बसलो आणि चारही वेळा उठलो. सगळी बिल्डिंग ज्याला जीव लावून बसलीय ते दाजींचं कलम आहे की नुसता रानटी खुंट, हे पान बघून तूच सांगू शकतेस. पान सोबत आहे. सांगशील ते ऐकेन. वेल जगवतो म्हणून शब्द देऊन मी दाजींना घालवलं असेल, तर तेही तोंडावर सांग.

कृष्णातला आशीर्वाद. म्हशीलाही.

तुझा,
जोत्या

ता. क. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलीय. वेलीला कात्री लावू देणार न्हाय म्हणून वस्ताद दारात खुर्ची टाकून बसलेत. दाजी गेल्यापासून त्यांची कात्री दोन वर्षं खुंटीला आहे आणि दोन वर्षं तूही वेशीबाहेर पडलेली नाहीस, हे मला कळतं. म्हणून ये म्हणत नाही. नुसतं कळवलं.

ता. क. २. पाकीट उलटं करून झटकू नकोस. पान आत नाही, चिकटवायच्या आधी काढून घेतलं. पान बघितलंस की तिथूनच फोनवर निकाल देशील आणि परत चुलीपुढं जाऊन बसशील. फोटो मागितलास तर फोन बिघडलाय म्हणायचं, असं कृष्णातला बजावून ठेवलंय. पान बघायचं तर वेलीपाशी यावं लागेल. रानटी निघाली तर कलम बांधायलाही तूच लागशील.

ता. क. ३. शुक्रवारी महंमदभाई टेंपो घेऊन येतायत, सलिमा वहिनी सोबतीला आहेत. कात्री तेवढी पिशवीत टाक. ह्या वेळी एकच माणूस आणायचंय, साखळी-पुली लागणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी तरी ती टेंपोत टाकलीय.