गाडीची स्थिती

पुणे,
शुक्रवार, १६ नोव्हेंबर २००७

चि. सौरभ,

सप्रेम जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

एका छपराखाली राहून पत्र कसलं लिहायचं, असं तू म्हणशील. पण तोंडाने सांगायला गेलो की तू "बाबा, कॉल आहे" म्हणतोस. कागदाला कॉल नसतो. म्हणून हा तुझ्या कॉम्प्युटरच्या बटणांवर ठेवतोय. घरात शिरल्यावर तू आधी तिथेच बघतोस.

घरी सगळं बरं आहे. अक्षताने सहलीची पिशवी कालच भरली. आत काय, तर शिंपले ठेवायला एक रिकामा डबा. दीपाली तिला घेऊन आईकडे गेली आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा रागवायचं ते एकट्या माझ्यावर.

आता मुद्दा. खाली पार्किंगमध्ये गाडी नाही. चोरीला गेलेली नाही, मी नेली. म्हणजे चालवली इम्तियाजने, मी शेजारी बसलो. या घटकेला ती कात्रजला त्याच्या गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, मागची दोन्ही चाकं काढलेली. उद्या पहाटे पाचला तुम्ही तिघं, ऑफिसातल्या तीन मित्रांना गाडीत घेऊन, बाकीच्यांच्या ताफ्याबरोबर कोकणात निघणार होता. निघणार नाही. ऑफिसातल्या मित्रांना खुशाल सांग, म्हातारा बाप गाडी घेऊन पळाला. मला लाज नाही.

तुझा टीम लीडर अमेरिकेला गेला आणि तू विकत घेतलेली त्याची गाडी आपल्या दारात आली, तो दिवस आठव. तू मला ती छोटी दांडी दाखवलीस. "बाबा, फोर-व्हील ड्राइव्ह! चिखल, दगड, हिला काही अडवत नाही." मी दांडी बघत नव्हतो. गाडी उभी कशी आहे ते बघत होतो. मागून डाव्या अंगाला ती बसली होती. टायर आणि मडगार्ड यांच्यात उजवीकडे माझी पुरी वीत मावली, डावीकडे करंगळी दुमडावी लागली. तू म्हणालास, उतार असेल. दुसऱ्या दिवशी तू गाडी उलट्या तोंडाने लावलीस, तरी डावंच अंग खाली. उतार काय गाडीबरोबर फिरतो?

मग मी मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. धड गाडी खाली जाते, वर येते आणि थांबते. तुझी तीनदा डुलली. शाळेत मी वर्गाच्या दाराशी बसायचो, हे तुला माहीत आहे. आत बसायची आम्हाला मुभा नव्हती. फळा दिसायचा नाही, त्यामुळे सगळ्या कविता कानांनीच शिकलो. लघु, गुरू, ओळीत मध्येच घ्यायचा विसावा, म्हणजे यती. तो चुकला की गुरुजींच्या आधी मला कळायचं. पुढे जन्मभर इंजिनंही तशीच ऐकली. तुझी गाडी कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवरून जाते तेव्हा मागून "खट्" असं येतं आणि पाठोपाठ आणखी दोन बारके खट्. जिथे थांबायला हवं तिथे ती थांबत नाही. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू दीपालीकडे बघून हसलास.

"बाबा, सर्व्हिसिंग झालंय. काचेवर स्टिकर आहे."

"स्टिकर काचेवर आहे. स्प्रिंगचे पाटे गाडीखाली आहेत."

"ही तुमच्या खात्याची जीप नाही हो!"

 मी टायरवरून हात फिरवला. रबर सारखं झिजलेलं नाही, लाटालाटांचं लागलं. वाकून पाहिलं तर डावा शॉकअ‍ॅब्सॉर्बर तेल गाळत होता आणि त्यावर धुळीचा काळा लेप चढला होता. डोळे अजून इतके जाणतात.

इम्तियाज गाडीखाली गेला, घासून पुसून बॅटरी मारली आणि तिथूनच ओरडला, "धोंडिबाभाऊ, खाली या, तुम्हीच बघा!" मुख्य पाट्याला तडा आहे. अर्धा तडा गंजलेला, म्हणजे जुना. पुढचा अर्धा चकचकीत, म्हणजे रोज वाढतोय. रबरी बुशचा तर भुगा झालाय. इम्तियाज म्हणाला, "सहा माणसं आणि सामान घालून घाटात? स्टिकर लावणाऱ्याला बसवा म्हणावं मागच्या सीटवर."

इथे पत्र संपवता आलं असतं. मी चहा करून प्यालो, कप धुतला, विसळलेला कप पुन्हा विसळला.

डोळे अधू झाले म्हणून मी स्टिअरिंग सोडलं आणि स्टोअरमध्ये बदली मागून घेतली, असं तुला सांगत आलो. डोळ्यांना काही झालं नव्हतं. तू सात वर्षांचा होतास. सकाळी दौऱ्यावर निघायचं होतं आणि जीप डावीकडे बसलेली होती. मी खाली वाकलो, पाट्यावरचा तडा पाहिला. साहेब येऊन बसले होते. मी म्हटलं, "साहेब, जरा—" दौऱ्यावर मी त्यांना कविता म्हणून दाखवायचो, ते म्हणाले, "धोंडिबा, तुझ्या कविता संध्याकाळी. चल." आणि मी चाललो. लॉगबुकात 'गाडीची स्थिती' असा रकाना असतो. त्यात मी माझ्या अक्षरात 'ठीक' लिहिलं आणि सही केली. तडा पाहून लिहिलं, सौरभ. न पाहता नव्हे.

घाटातल्या तिसऱ्या वळणावर पाटा तुटला आणि जीप कठड्यावर गेली. साहेबांचा हात मोडला, मला चार टाके पडले. मागे आमचा शिपाई दशरथ बसला होता. तो बाहेर फेकला गेला. संध्याकाळी गेला.

चौकशीत रस्ता खराब ठरला. लॉगबुक उघडून त्यांनी माझंच 'ठीक' मला वाचून दाखवलं, आणि मी मान हलवली. पण तेवढ्यावर भागलं नाही. दशरथच्या बायकोने पाचव्या दिवशी मला विचारलं, "भाऊजी, गाडी ठीक होती ना?" मी म्हणालो, "ठीक होती." दर चौदा एप्रिलला जी तुझ्यासाठी पुरणपोळ्या आणते आणि जिच्या तू पाया पडतोस, ती प्रेमलाकाकू. तिच्या हातची पोळी मी चोवीस वर्षं खातोय.

दाराशी बसून गप्प ऐकायची सवय अंगात मुरली होती, असं एक कारण मी स्वतःला बरेच दिवस दिलं. ते खोटं नाही, पण पुरतही नाही. दशरथही त्याच दाराशी बसलेला होता.

तेव्हा तुझ्या मीटिंगा, तुझा स्टिकर, तुझे ते ताफ्यातले मित्र, कुणालाच मी जुमानत नाही. तेव्हा एका साहेबापुढे गप्प बसलो, आता पोटच्या साहेबापुढे बसणार नाही. तू ओरड, अबोला धर, मला मुक्ताईआत्याकडे धायरीला धाड. माझी नात त्या मागच्या सीटवर बसणार नाही.

सोमवारी इम्तियाज नवे पाटे, बुश आणि दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवेल. मी पुन्हा कोपरा दाबून बघेन. एकदा खाली, एकदा वर, आणि थांबली, तर चावी तुझी. तोवर ती माझ्या बंडीच्या खिशात आहे. समुद्र पुढच्या शनिवारीही तिथेच असेल. अक्षताला सांग, पिशवी भरलेलीच ठेव.

आता हडपसरची बस धरतोय, प्रेमलाकडे. तिच्यावर पुन्हा विचारायची पाळी आणणार नाही, मीच सांगणार. ती कदाचित आत घेणार नाही. नसेल घेत तर दाराशी बसेन. तिथे बसायला मी शिकलेला आहे, पण या वेळी बोलणार आहे.

दि. १६/११/२००७
गाडीची स्थिती: ठीक नाही.
सही: धोंडिबा, ड्रायव्हर
तुझा बाबा